वाढ आणि वहिवाट

धाराशिव जिल्ह्यात आपण होऊन वाढणाऱ्या वस्तूंची यादी फारशी लांब नाही. पाऊस वाढत नाही. बालाघाटाच्या रांगांवर ढगांची मिरवणूक काढून तो बहुधा पुढच्या मुक्कामाला निघून जातो. सोयाबीनचा भाव वाढत नाही. वाढलाच तर शेतकऱ्याच्या घरातील शेवटचे पोते आडतीवर पोहोचल्यानंतर, आणि तोही वृत्तपत्रापुरता. ज्या शेळीने या जिल्ह्याचे नाव देशभरच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत नेले ती काळीभोर शेळीसुद्धा बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला खाऊन पिढ्यान् पिढ्या साधारण तेवढीच राहिली आहे. दुष्काळात ती फार खंगत नाही आणि सुकाळात माजत नाही. २०२३ साली सरकारने जिल्ह्याचे नाव बदलले, तरी ही शेळी शास्त्रीय दप्तरी अद्याप ‘उस्मानाबादी’च आहे; तिने नावही बदलले नाही आणि वजनही नाही. अशा या संथ, सोशिक आणि तहानलेल्या मुलुखात जी एकच वस्तू दर आठवड्यास वाढलीच पाहिजे असा तरुण पिढीचा हट्ट आहे, ती म्हणजे तिच्या दंडाचा घेर.

या हट्टाची तीव्रता ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी आमच्या शेजारच्या चिरंजीवांचे निरीक्षण करावे. त्यांचे वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि मातोश्री घरी शिवणकाम करणाऱ्या. रोज रात्री दिवाबत्ती मंदावली म्हणजे चिरंजीव शिवणयंत्राच्या खणातून मातोश्रींची फीत हलकेच काढतात, आरशासमोर उभे राहून, श्वास रोखून, मूठ आवळून, डावा दंड उजव्या हाताने आणि उजवा डाव्या हाताने मापतात, आणि आलेला आकडा मोबाइलमध्ये तारीखवार नोंदवून ठेवतात. कालच्यापेक्षा सुताएवढी वाढ दिसली तर त्या रात्री ते भाकरीला नावे न ठेवता जेवतात. फीत कालच्याच रेषेवर थांबली तर घरात अबोला असतो. आणि एखादे दिवशी सूतभर घट निघालीच तर फितीच्या प्रामाणिकपणाबद्दल रीतसर चौकशी सुरू होते. “अरे, त्या फितीवर माझी गिऱ्हाइकं आहेत, ताणून ठेवू नकोस,” असे मातोश्री कळवळून सांगतात, “परवा पाटलीणबाईंचं पोलकं दोन बोटं ढगळ झालं.” वडील मात्र खात्याच्या भाषेपलीकडे जात नाहीत. “बाबा रे,” ते म्हणतात, “मुलुखाची पैमाईश तीस वर्षांनी एकदा होत असे. तुझ्या दंडाची रोज कशाला?”

प्रश्न रास्त आहे, परंतु चिरंजीव ज्या शाळेत शिकतात तेथे तो विचारण्याची सोय नाही. खाली बी-बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे दुकान, आणि वर, लोखंडी जिन्याने चढून गेल्यावर, आरसे व पंखे यांनी सजवलेली व्यायामशाळा, अशी ही शाळा जिल्ह्याच्या आणि आता तालुक्याच्याही गावी आढळते. जिन्याच्या पायथ्याशी ‘भरघोस वाढीची हमी’ अशी जी पाटी असते ती खताच्या दुकानाची की वरच्या जिमची, याचा उलगडा परगावच्या माणसास पटकन होत नाही, आणि खरे म्हणजे तो होण्याचे कारणही नाही. वरच्या मजल्यावरील वर्षाचे ऋतू दोनच. एकात ‘बल्क’ करावयाचा, म्हणजे अंगावर सर्व प्रकारचे मांस चढवावयाचे, आणि दुसऱ्यात ‘कट’ पाडावयाचे, म्हणजे चढवलेल्यापैकी नको ते उतरवावयाचे. या चढउताराच्या मधोमध शारदीय नवरात्र येते आणि सगळा हिशेब विसकटते. कारण जगदंबेच्या जिल्ह्यात राहून नऊ दिवसांचा उपास मोडण्याची छाती ज्यांची छाती चव्वेचाळीस इंचांची आहे त्यांचीही होत नाही. मग वाटीभर भगरीत किती प्रथिने, शेंगदाण्याच्या आमटीत किती, आणि देवीला हे चालेल काय, अशी त्रैराशिके माळेगणिक मांडली जातात.

वाढीचे हे तत्त्वज्ञान प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेले तर काय होते, हे एकदा कागदावर करून पाहावे. चौदा इंची दंडाच्या तरुणाने महिन्याला अवघा पाव इंच वाढ मागितली, आणि ती मागणी विधात्याने बिनशर्त मंजूर केली, तर दहा वर्षांनी त्याचा दंड चव्वेचाळीस इंच भरेल. त्यास सदरा घालता येणार नाही, मोटारसायकलीचे हँडल धरता येणार नाही, आणि स्वतःच्या लग्नात वधूच्या गळ्यात माळ घालण्यासाठी हात वर नेताना मांडवाचा खांब वाचवावा लागेल. विधाता सुज्ञ असल्याने तो तसे करीत नाही. पहिल्या वर्षी तो सढळ हाताने देतो, दुसऱ्या वर्षी कुरकुरत देतो, आणि पुढे वर्षभराच्या अर्जविनंत्यांनंतर गुंजभर देतो. या टप्प्यावर चिरंजीवांनी समाधान मानावयाचे, तर ते ट्रेनर बदलतात, पावडरीचा डबा बदलतात आणि शेवटी नाद सोडून देतात. जमीन मिळवणे निराळे आणि तिची वहिवाट राखणे निराळे, हे ज्यांच्या तीन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेल्या त्या घरच्या मुलांना सांगावे लागू नये. खरेदीखताच्या दिवशी पेढे वाटले जातात, पण सातबाऱ्यावर नाव टिकते ते वर्षानुवर्षे नांगर धरणाऱ्याचे, आणि नांगर धरल्याबद्दल कोणी पेढे वाटीत नाही.

नाद सोडणाऱ्यांचे पुढे काय होते, याचे दर्शन कोणत्याही गावच्या यात्रेत कुस्तीच्या फडाभोवती बसलेल्या माजी मल्लांच्या रांगेत होते. फेटा बांधून, मांडी घालून, म्हणजे जेवढी घालता येईल तेवढी घालून, ही मंडळी पंचांच्या शेजारी विराजमान असतात. यांपैकी अनेकांनी एके काळी पंचक्रोशीतील फड मारले आहेत. परंतु तालीम सुटली तेव्हा एक चमत्कारिक तडजोड झाली: मेहनत सुटली आणि खुराक सुटला नाही. जोर गेले, बैठका गेल्या, पण पहाटेचे दूध, दुपारचे तूप आणि यात्रेचे मटण ही वतने अबाधित राहिली. ज्या वाढीचा ध्यास तरुणपणी घेतला होता ती वाढ अखेर प्राप्त झाली. फक्त ती दंडावर न येता चार बोटे खाली उतरली. नव्या पोरांना ते जेव्हा “आमच्या टायमाला असं नव्हतं” असे बजावतात तेव्हा त्यांच्या विधानातील सत्यता त्यांच्या उदराकडे पाहिल्यावर तत्काळ पटते.

मात्र याच रांगेच्या मागे, बहुधा उभा असलेला, एक वेगळा गृहस्थ पुष्कळ गावांत आढळतो, आणि या लेखाचा खरा नायक तोच. तो तालमीचा वस्ताद. आमच्या परिचयाचे वस्ताद साठी ओलांडलेले आहेत. त्यांना कोणतीही गदा मिळालेली नाही. पहाटे ते तालमीत येतात, मारुतीसमोर उदबत्ती लावतात, कोपऱ्यातील फावडे उचलतात आणि हौदा उकरावयास लागतात. तांबड्या मातीचा हौदा हा प्रकार ज्यांनी दुरून पाहिला आहे त्यांस वाटते की एकदा माती आणून टाकली की काम झाले. तसे नसते. त्या मातीत हळद, ताक, लिंबाचा रस, तेल आणि कापूर मुरवावा लागतो. ती रोज खणून, ढेकळे फोडून, हाताने चाळून, खडा वेचून पुन्हा सारखी करावी लागते. चार दिवस फावडे लागले नाही तर ती फरशीसारखी टणक होते आणि पडणाऱ्या पोराच्या खांद्याचा हिशेब चुकता करते. वस्ताद एका कडेपासून सुरुवात करतात, फावड्याचा प्रत्येक घाव मागच्याला चिकटून घालतात, मध्येच वाकून एखादा खडा उचलतात, तो बोटांत फिरवून पाहतात आणि खिडकीतून बाहेर टाकतात. समोरच्या कडेला पोहोचेपर्यंत अंगाला घाम सुटलेला असतो. मग थोडे जोर, थोड्या बैठका, आणि अंगावर माती घेऊन दोन-चार लहान पोरांशी धरपकड. एवढी वर्षे झाली. हौदा हातभरही मोठा झालेला नाही आणि वस्तादही. एकदा एका पोराने त्यांच्यासमोरच दंडाला फीत लावली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मापून काय करायलास? माती उकर की.”

हे वस्ताद जे आयुष्यभर करीत आले त्याला शास्त्राची मोहोर मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे, अलाबामा विद्यापीठात, संशोधकांनी ७० माणसे निवडली: काही विशी-तिशीतली, काही ६० ते ७५ वर्षांची. सर्वांकडून १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पायांची जड मेहनत करून घेतली आणि मांड्या चांगल्या भरल्यावर पुढील ३२ आठवड्यांसाठी त्यांच्या तीन तुकड्या पाडल्या. एका तुकडीने मेहनत साफ बंद केली, दुसरीने एक तृतीयांशावर आणली, आणि तिसरीने मूळ मेहनतीच्या नवव्या हिश्श्यावर. तरुणांच्या बाबतीत नवव्या हिश्श्यावरही मांडीचे मांस जागच्या जागी राहिले. मराठी वाचकास याचे मर्म ताबडतोब ध्यानात येईल: चौथ म्हणजे चतुर्थांश, सरदेशमुखी म्हणजे दशांश, तरुण शरीर सरदेशमुखीहून किंचित अधिक घेऊन मुलूख सुरक्षित ठेवण्यास राजी आहे. वृद्धांचे शरीर अधिक कडक वसुली करते. त्यांच्याकडून तृतीयांश घेऊनही ते मांसाची पुरती पावती देत नाही, ताकद मात्र बरीचशी राखून ठेवते. कमावण्यास लागतो त्याच्या अंशमात्र खर्चात राखता येते, अशी ही अत्यंत किफायतशीर तजवीज असताना आमचे तरुण एकतर सोळा आणे भरतात किंवा एक छदामही देत नाहीत, आणि मधल्या दराची चौकशीसुद्धा करीत नाहीत.

शिवाय येथे एक बाब अशी आहे की जी पंचविशीतल्या माणसास सांगून पटत नाही. तिशीनंतर दर दशकास साधारण ३ ते ८ टक्के स्नायू निसर्ग आपल्या खात्यात परत जमा करून घेतो, नोटीस न बजावता. साठीनंतर या वसुलीस आणखी जोर चढतो. म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा दंड पाच वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आज असेल, तर त्या माणसाने काहीच केले नाही असे फितीस वाटेल. वस्तुतः त्याने पाच वर्षे एका बलाढ्य सावकाराला दारात थोपवून धरले आहे. फितीला वाढ तेवढी कळते. थोपवून धरणे तिला दिसत नाही, आणि जे फितीला दिसत नाही ते आरशाला आणि मोबाइललाही दिसत नाही.

निव्वळ आकारमानाच्या अभिमानाचे पर्यवसान कशात होते हे पाहण्यास आमच्या जिल्ह्यातील परंड्याच्या किल्ल्याइतके योग्य स्थळ नाही, जरी पाहावयाची वस्तू आता तेथे नसली तरी. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ काही काळ परंड्यास होती. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती कोरलेला आहे; नम्रता हा तिचा विशेष नव्हता. १६३२ साली ती विजापुरास नेण्यात आली, आणि नेण्यासाठी हत्ती व शेकड्यांनी बैल जुंपावे लागले असे सांगतात. जी स्वतः मैदानाची मालकीण, तिला मैदानावर नेणे हेच एक युद्ध. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत, १८५४ साली, या तोफेचा लिलाव पुकारला गेला आणि बोली आली १५० रुपये. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला आणि तोफ विजापुरी बुरजावर राहिली. पंचावन्न टनांचे दीडशे रुपये! एवढ्या पैशांत आज जिममध्ये आठवडाभरही उभे करून घेत नाहीत.

वाढीच्या या साथीतून प्रत्यक्ष मल्लविद्याही सुटलेली नाही. १९६१ सालापासून राज्याला वर्षाकाठी एक ‘महाराष्ट्र केसरी’ पुरत असे. मातीतला एक विजेता, गादीवरचा एक, आणि दोघांच्या झुंजीतून उरलेला तो केसरी. कुस्तीगीरांच्या संघटनेत दुफळी झाल्यावर मात्र २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या: एक पुणे जिल्ह्यात फुलगावी, आणि दुसरी आमच्या धाराशिवास. फुलगावी सिकंदर शेखने शिवराज राक्षेस हरवून गदा घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाराशिवात शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी घेतली. पीक दुप्पट आले, आणि धाराशिवकरांनी, ज्यांना कोणतेही पीक दुप्पट आल्याचा अनुभव विरळा, ते जल्लोषात साजरे केले. तथापि गर्दीत कोणाच्या फारसे ध्यानी आले नसेल असे एक कलम त्या स्पर्धेच्या नियमांतही आहे: केसरी गटात १२५ किलोंच्या पुढे प्रवेश नाही. सर्वश्रेष्ठ मल्लाच्या देहासही कुंपण आहे. खालच्या गटांत तर हे कुंपण इतके काटेकोर की पैलवान वजनाच्या आदल्या रात्री थुंकीसुद्धा गिळावयास कचरतो. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट सुवर्णपदकाच्या कुस्तीच्या दारात पोहोचली होती. १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून दार लागले. दीड-दोन छटाक. जिममधील आमचे चिरंजीव एवढ्याच वाढीसाठी आठवडाभर नवस करतात.

फडात न रमणाऱ्या वाचकांसाठी आमच्या जिल्ह्याने दुसराही एक खेळ जतन केला आहे, आणि तो वाढीच्या भक्तांना आणखीच गोंधळात टाकणारा आहे. खो-खोत धाराशिवच्या मुलींचा दबदबा जुना. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्ण मिळवले तेव्हा कर्णधार होती याच जिल्ह्याची सारिका काळे. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळात संरक्षकाची कर्तबगारी कशात मोजतात? त्याने काय मिळवले यात नव्हे. तो किती वेळ बाद झाला नाही यात. दोन मिनिटे दहा सेकंद, तीन मिनिटे, असे आकडे सामन्याच्या वृत्तांतात गुणांच्या बरोबरीने छापले जातात. पाठीवर थाप पडू न देता खांबापासून खांबापर्यंत, साखळीतून आतबाहेर करीत, होता तसा राहणे हाच पराक्रम. अशा खेळाडूच्या अंगी जे स्नायू असतात त्यांचा घेर मापावयास गेल्यास चिरंजीवांची निराशा होईल, आणि माप घेण्यासाठी तिला गाठण्याचा प्रयत्न केल्यास ती अधिकच होईल.

विश्रांतीच्या बाबतीत तर या मुलुखाला बाहेरून शिकण्यासारखे काहीच नसावे. तुळजापूरची भवानी ही चल मूर्ती. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रिस्त होते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा, आणि महिषासुराशी नऊ दिवस झुंजल्यावर, दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपून, कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. पलंग आणि पालखी नगरकडून वाजतगाजत येतात. देवीच्या झोपेची सरबराई एवढ्या इतमामाने होते. प्रत्यक्ष आदिशक्तीस श्रमानंतर निद्रा लागते ही गोष्ट तिच्या भक्तांनी शेकडो वर्षे निमूटपणे मान्य केली आहे. त्याच भक्तांपैकी एक, गळ्यात कवड्यांची माळ घालून, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिमच्या जिन्याशी उभा राहून “आज बंद का ठेवलं?” म्हणून मालकाशी हुज्जत घालतो. स्नायू भरतात ते वजन उचलताना नव्हे, ते खाली ठेवल्यानंतरच्या विश्रांतीत, हे त्याला कोणी सांगावे? देवीने सांगितले आहे. तिचे तरी त्याने ऐकावे.

विश्रांतीची ही बाजू जितकी उपेक्षित, तितकीच तिची उलट बाजू लाडकी. कोजागरीस सोलापुराहून तुळजापुरापर्यंतची, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची वाट रात्रभर अनवाणी माणसांनी फुललेली असते. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही. परंतु त्या गर्दीत दरवर्षी असे काही मध्यमवयीन सज्जन आढळतात की जे वर्षभर दुकानाच्या गादीवरून गल्ल्यापर्यंत हात नेण्यापलीकडे हालचाल करीत नाहीत आणि त्या एका रात्रीत बारा महिन्यांची थकबाकी एकरकमी फेडू पाहतात. तांबडे फुटण्याच्या सुमारास घाटात त्यांना कोणी धरून चालवीत असते. शरीराकडे तगाई एकदम माफ होत नाही आणि एकदम फेडताही येत नाही. तेथे हप्तेच चालतात.

हे ज्यांना राजवाड्यात राहून उमगले असे एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या नामांकित व्यायामपटूची यंत्रे आणि पुस्तके मागवून दहा वर्षे युरोपीय पद्धतीने शरीर कमावले. संस्थानिक असल्याने वाढ परवडत होती आणि ती झालीही. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि त्यास ना यंत्र लागते ना फीत. सतरंजीएवढी जागा आणि उगवता सूर्य पुरतो, व या दोहोंवर कोणत्याही सरकारने अद्याप कर बसवलेला नाही. १८६८ साली जन्मलेले पंतप्रतिनिधी १९५१ पर्यंत जगले, आणि तोवर त्यांनी संस्थानातील शाळांपासून परदेशी वाचकांपर्यंत जो भेटेल त्यास नमस्कार घालावयास लावले. राजाने सांगितले म्हणून प्रजेने ऐकले असेल. पण राजा स्वतः म्हातारपणीही घालीत होता, हे अधिक.

आता उरला आहाराचा मुद्दा, आणि तो मी भराभर संपवितो, कारण त्यावर बोलणे सुरू केले की माझा रक्तदाब वाढतो आणि या लेखात वाढीची बाजू घ्यावयाची नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सामान्य प्रौढास शरीराच्या दर किलोस दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. मेहनत करणाऱ्यास काही अधिक. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे, दूध, अंडी आणि सणावारी त्या सुप्रसिद्ध शेळीचा प्रसाद यांतून राखणीपुरते सहज भागते. खरिपात जिकडे नजर टाकावी तिकडे सोयाबीन. त्याच्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने. घरच्या ओसरीवर हमीभावाची वाट पाहत प्रथिनांची पोती थप्पीस लागली आहेत, आणि त्याच थप्पीला टेकून चिरंजीव परदेशी पावडरीचा डबा हलवीत बसले आहेत, हे दृश्य मी पाहिले आहे. त्या डब्याच्या पैशासाठी वडिलांनी त्यातलीच दोन पोती पडत्या भावाने घातली होती.

आता माझी विनंती जिल्ह्यातील यात्रा कमिट्यांस आहे. चैत्र जवळ आला की आपण वर्गणीच्या पावत्या फाडता; सकाळी पोरांच्या नारळाच्या कुस्त्या लावता आणि संध्याकाळी शेवटच्या कुस्तीस मोठा इनाम. या दोहोंच्या मध्ये एक बक्षीस राखणीचे ठेवावे. साठी उलटलेल्या ज्या कोणास तालीम न सुटल्याचा दावा असेल त्याने फडात यावे; त्याच्या दंडाला फीत लावू नये, त्यास काट्यावर उभे करू नये, भाषण तर मुळीच करावयास लावू नये. त्याच्या हाती फावडे द्यावे. जो संध्याकाळच्या कुस्त्यांपूर्वी या कडेपासून त्या कडेपर्यंत मैदान उकरून, खडे वेचून, माती सारखी करून दाखवील आणि त्यानंतर मांडी घालून बसू शकेल, त्यास फेटा बांधावा आणि नारळ द्यावा. फेट्या-नारळाचा खर्च कमिटीस जड नाही, आणि मैदान उकरण्याची मजुरी वाचेल ती वेगळी.